डाव्या बटणातली काडी

पॉवर प्रेस खाली येते तेव्हा तिचा दणका कानांआधी दातांना कळतो. पहिल्या दिवशी मी पूर्ण शिफ्ट जबडा आवळून उभा होतो आणि संध्याकाळी भाकरी चावताना दाढा ठणकत होत्या. वाळूजला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी क्वालिटीला लागलो होतो. ऑपरेटरनं पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात ठेवायचा, बटण दाबायचं, वरून प्रेस आदळायची आणि तुकड्याला आकार यायचा. मी तो आकार मापून बघायचा. माझा हात मापाच्या पट्टीवर असायचा आणि ऑपरेटरचा प्रेसच्या जबड्यात.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. सोयगावच्या शाळेत शिकलो. तिथं छडी होती, आणि घरी वडील होते. ते कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे आणि घरी आले की कधी मला, कधी आईला मारायचे. नापास झालो तर मार असायचा. पास झालो त्या दिवशी मारलं नाही, हेच बक्षीस. तरी मी त्यांचा ऋणी आहे. माझ्या वयाची सगळी मुलं कामाला जुंपली गेली तेव्हा त्यांनी मला कॉलेजला पाठवलं, आणि त्यासाठी स्वतः दुप्पट पोती उचलली. मारणारा हात आणि पोती उचलणारा हात एकच होता. मला ते दोन वेगळे काढता आलेले नाहीत.

कारखान्यातही काही वेगळं नव्हतं. आमचा सुपरवायझर बोलण्याआधी हातातला पाना बरगडीत ढोसायचा. मोठ्या आवाजात शब्द ऐकू जात नाहीत म्हणून तसं करतो, असं त्याचं म्हणणं. नव्या पोरांच्या बरगड्यांवर काळेनिळे डाग असायचे आणि जुने कामगार ते बघून हसायचे. 'शिक्का बसला, आता पर्मनंट झालास,' म्हणायचे.

त्या दिवसांत मला फोनवर तो गट सापडला. अनोळखी माणसांचा गट होता, पण एकमेकांना ताई, दादा, काका, मावशी म्हणणारा. रोज प्रत्येकानं आपल्या आजूबाजूचा एक साधा फोटो टाकायचा आणि खाली जास्तीत जास्त तीन ओळी लिहायच्या. फोटो स्वतः काढलेला हवा. गुड मॉर्निंग नको, राजकारण नको. सांगलीच्या एक ताई गट चालवायच्या. मी पहिला फोटो टाकला तो खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या पंच्याचा, त्यातून ऊन गाळून येत होतं. ताईंनी लिहिलं, 'दादा, तुमच्याकडं ऊनसुद्धा धुऊन वाळत घालतात की काय?' ते वाक्य मी जेवताना चार वेळा वाचलं. मला आठवतं तेव्हापासून माझ्या कामाबद्दल कुणी असं, हात न उगारता बोललं नव्हतं.

नाशिकचे एक काका होते. निवृत्त झालेले, फोटोतले जाणकार. नवीन माणसांनी आपला पूर्ण फोटो आधी काकांना खासगीत पाठवायचा, मग काका तो कुठून कापायचा ते सांगायचे, अशी गटाची रीत होती. 'जे बोलत नाही ते काढून टाक, बाळा,' असं ते म्हणायचे. मी कापायला शिकलो. लवकरच इतका चांगला शिकलो की काय काढून टाकतोय हे माझं मलाच दिसेनासं झालं.

चहाच्या टपरीवरच्या वाफेचा माझा एक फोटो लोकांना फार आवडला होता. डावीकडून मी जे कापलं त्यात एक ठेकेदार खाली पडलेल्या हमालाला लाथ घालत होता. ओल्या फरशीवर हिरव्या काचांचा एक फोटो होता. खाली मी लिहिलं होतं, 'कुणाची तरी सकाळ अशी विखुरली, हिरवी हिरवी.' त्या बांगड्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईच्या होत्या. तिच्या नवऱ्यानं तिचा हात जिन्याच्या कठड्यावर आपटला होता आणि मी ते ऐकलं होतं. गाडीखाली सावलीत झोपलेल्या कुत्र्याचा फोटो होता. कुत्र्याचं मागचं तंगडं जीपखाली चिरडलेलं होतं, तेवढं मी चौकटीत येऊ दिलं नाही. गटातल्या लोकांना वाटायचं की मी फार शांत, फार उजेडाच्या गावात राहतो. मला त्यांचं तसं वाटणं आवडायचं.

आता ऑपरेटरबद्दल. तो गंगापूरकडचा होता, रोज शेअर जीपनं यायचा. धिप्पाड होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. सगळ्या कारखान्यात त्याचा हात सर्वांत चपळ. तो मला 'ग्रॅज्युएट' म्हणायचा.

"ग्रॅज्युएट, माप बरोबर हाय का?"

"बरोबर आहे, भाऊ."

"मग एवढं शिकून काय केलं? बरोबर हाय ते मला बी कळतंय की."

त्याच्या प्रेसला दोन बटणं होती, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही. म्हणजे प्रेस आदळताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर, आत काही नाही. बनवणाऱ्यानं विचार करून केलेलं होतं. पण दोन्ही हात बटणांवर नेले की वेळ जातो, आणि सुपरवायझरला ठरवून दिलेले पार्ट शिफ्टमध्ये निघायलाच हवे असायचे. म्हणून डाव्या बटणात आइस्क्रीमची लाकडी काडी ठोकून ते कायमचं दाबलेलं ठेवायचे आणि वरून पिवळी टेप गुंडाळायचे. मग उजव्या हातानं नुसतं एक बटण दाबायचं आणि डावा हात तुकडे आत-बाहेर करायला मोकळा. सगळ्या प्रेसवर असंच होतं. मी चार महिने रोज ते बघत होतो.

एका शुक्रवारी सकाळी छताच्या फुटक्या पत्र्यातून ऊन आलं आणि सरळ त्याच्या प्रेसवर पडलं. त्याचा डावा हात तुकडा ठेवायला आत गेला होता, बोटांवरचं तेल सोन्यासारखं चमकत होतं, आणि बाजूला बटणावरची पिवळी टेप पेटल्यासारखी दिसत होती. आत मोबाइलला बंदी होती, पण खराब पार्टचे फोटो पाठवायला आम्हा क्वालिटीवाल्यांना परवानगी होती. मी फोटो काढला. त्या दिवशी काकांची वाट बघण्याचाही धीर मला धरवला नाही. मी स्वतःच कापला आणि टाकला. खाली लिहिलं:

'सकाळच्या शिफ्टला ऊन आधी येतं,
हात मागून.
बटणावर झेंडूची एक पाकळी.'

ती पाकळी नाही हे मला माहीत होतं. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मला पिवळा रंग हवा होता आणि काडी हा शब्द त्या ओळीत बसत नव्हता.

एवढं प्रेम माझ्या कुठल्याच फोटोला मिळालं नव्हतं. 'या हातांना नमस्कार.' 'दादा, रडवलंत.' मी तो फोटो ऑपरेटरलाही पाठवला. दुसऱ्या दिवशी तो जरा लाजतच म्हणाला, "आमच्या मंडळीनं स्टेटसला ठेवला. म्हणती, देवाचा हात वाटतोय."

रीतीप्रमाणे पूर्ण फोटो मी काकांना शुक्रवारी संध्याकाळी पाठवला होता. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यात कापण्याबद्दल काहीच नव्हतं.

'बाळा, डाव्या बटणात काडी आहे ना? मागं हाताची घडी घालून उभा आहे तो सुपरवायझर दिसतो. त्याला ती दिसते आहे. हा हात ज्याचा आहे त्याला सांग आणि ती काढ. उद्याच्या उद्या.'

मी 'हो काका' लिहिलं. शनिवारी मी कामावर गेलो आणि काही बोललो नाही. कारण रविवारी आमच्या गटात आठवड्याचा फोटो निवडायचे. निवडलेला फोटो आठवडाभर गटाच्या माथ्यावर राहायचा आणि सगळे त्याच्याखाली आपल्या ओळी लिहायचे. मला ते हवं होतं. काडीची गोष्ट आत्ता काढली तर पाकळीचं काय होईल, असा विचार मी केला. माणसाच्या हाताच्या बदल्यात मी एक रविवार मागून घेतला.

रविवारी माझा फोटो निवडला गेला.

सोमवारी सकाळी मी ऑपरेटरजवळ गेलो.

"भाऊ, ही काडी काढू या."

"का? फोटोत नीट दिसंना का?"

"हात जाईल एखाद्या दिवशी."

"हे तुला आज कळलं व्हय? चार महिने डोळे मिटून मापं घेतो काय तू?" त्याचा हात थांबला नव्हता, प्रेस आदळतच होती. "काडी काढल्यावर पार्ट कोण काढील? तू, का तुझा मोबाइल?"

मी पुढं झालो आणि टेप ओढून काडी उपसली. प्रेस मध्येच थांबली. पुढच्या क्षणी त्याचा पंजा माझ्या कानशिलात बसला. तेलानं माखलेला जड पंजा होता. मी मागच्या तुकड्यांच्या पेटीवर आदळलो आणि कोपराला पत्रा लागून रक्त आलं. कामगार जमले. सुपरवायझर आला.

"काय तमाशा लावलाय?"

"ग्रॅज्युएटला काडी नको वाटायली," ऑपरेटर म्हणाला. सगळे हसले.

सुपरवायझरनं खाली पडलेली काडी उचलली, बटणात धरली आणि पान्याच्या मागच्या बाजूनं ठोकून बसवली. टेप स्वतः गुंडाळली. मग तोच पाना माझ्या बरगडीत असा घातला की मला श्वास घेता येईना. "तू पार्ट माप," तो म्हणाला. "पगार मापायचा मिळतो."

मी पार्ट मापले.

संध्याकाळी काकांचा मेसेज होता. 'काढली का काडी?'

मला खरं लिहिता आलं असतं. पण या माणसानं मला बाळा म्हटलं होतं. मार खाऊन गप्प बसलो, हे त्यांना सांगायची लाज वाटली. मी लिहिलं, 'हो काका, काढली.' त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि लिहिलं, 'फार बरं वाटलं. आता मला जेवण जाईल.'

मंगळवारी मी त्याच्या प्रेसकडं बघायचं टाळलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ होता तेव्हा एक तुकडा डायमध्ये तिरका अडकला. तो काढायला ऑपरेटरनं डावा हात आत घातला, जरा वाकला, आणि वाकताना त्याचं उजवं कोपर उजव्या बटणाला लागलं.

प्रेस खाली आली. तो दणका नेहमीसारखा नव्हता. पत्र्याचा खणखणाट त्यात नव्हता, ओलं काहीतरी दबल्याचा आवाज होता. म्हणून मी मान वळवली.

तो ओरडला नाही. पहिले काही क्षण तो आपल्या मनगटाकडं असा बघत होता, जणू ते दुसऱ्याचं असावं. प्रेस खालीच थांबली होती आणि त्याचा पंजा तिच्याखाली होता. मग त्याला वेदना पोचली. मी धावत जाऊन वीज बंद केली आणि त्याला मागून कमरेला धरलं, कारण तो हात हिसकायला बघत होता आणि हिसकला असता तर मनगटासकट फाटला असता. प्रेस वर घ्यायला तिचं मोठं चाक लोखंडी बार घालून हातानं फिरवावं लागतं. चौघं जण बारवर लटकले होते आणि चाक हलत नव्हतं. तो मला लाथा मारत होता. त्यानं माझ्या दंडाचा चावा घेतला आणि दात रुतवून धरून ठेवला. मी त्याला सोडलं नाही. चाक फिरलं, प्रेस वर गेली, आणि आम्ही दोघं मागं जमिनीवर पडलो. त्याची मधली तिन्ही बोटं डायमध्येच राहिली होती.

त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी परत आत आलो तेव्हा सुपरवायझर डिझेलच्या फडक्यानं प्रेस पुसत होता. त्यानं बटणावरची टेप सोलली, काडी काढून खिशात टाकली. मग मला ऑफिसात नेलं.

"मोबाइल दे. तू फोटो काढतोस म्हणं."

त्यानं माझ्या फोनमधला तो फोटो पुसला. पुसलेले फोटो जिथं राहतात तिथूनही पुसायला लावला, आणि माझे सगळे मेसेजही पुसले. मग पुढ्यात कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की काडी ऑपरेटरनं त्याच दिवशी, कुणालाही न सांगता, स्वतः घातली. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी नाही म्हणालो. त्यानं माझा हात पाठीमागं पिरगाळला आणि चावा घेतलेल्या दंडावर अंगठा दाबून धरला. मी सही केली. पदवीच्या अर्जावर केली होती तीच, पूर्ण नावाची, वळणदार सही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याची बायको व्हरांड्यात बसलेली होती. मला तिनं ओळखलं, कारण फोटो काढणारा तो मीच हे तिला ठाऊक होतं.

"भाऊ, कंपनीची माणसं येऊन गेली," ती म्हणाली. "म्हणत्यात, यांनीच काडी घातली, यांचीच चूक. आता कामावर घ्यायचे नाय. कारखाने तपासणारे साहेब येणार हायेत, त्यांच्या कागदावर बी तसंच लिहिणार." तिनं आपला फोन काढला. त्यावर माझा फोटो होता. पिवळ्या टेपवर तिनं बोट ठेवलं. "ही काडीच हाय ना? पहिल्यापासून होती ना? तुम्ही शिकलेले. साहेबाला तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "मी सही करून बसलोय, वहिनी."

तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं मांडीवरच्या डब्याचं स्टीलचं झाकण उचलून माझ्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.

"एवढी बुकं वाचून सही करायलाच शिकला व्हय?" ती म्हणाली.

मी तिथंच बसून राहिलो. तिच्याकडच्या कापलेल्या फोटोचा फार उपयोग नव्हता. त्यात काडी दिसत होती, पण ती कुणाच्या सांगण्यावरून होती ते दिसत नव्हतं. रोजच तो स्वतः घालायचा, असं कंपनीवाले म्हणू शकले असते. सुपरवायझर मागं उभा राहून बघतोय हे फक्त पूर्ण फोटोत होतं. तो माझ्या फोनमधून गेला होता. आता तो एकाच माणसाकडं होता, आणि त्या माणसाशी मी खोटं बोललो होतो.

मी काकांना पहिल्यांदाच फोन लावला. इतक्या महिन्यांत आम्ही एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांचा आवाज मला वाटला होता त्याहून बारीक होता.

"काका, मी काडी काढली नव्हती. म्हणजे काढली, पण त्यांनी परत घातली. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "किती गेली?"

"तीन."

त्यांनी कुकरखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मी आयुष्यभर सुपरवायझर होतो," ते म्हणाले. "प्रेस शॉपलाच. तुला कधी सांगितलं नाही. अशी काडी मी माझ्या हातानं दुसऱ्याच्या बटणात ठोकलेली आहे. त्याची चार गेली. मी कागदावर लिहिलं, त्याचीच चूक. तो पोरगा नंतर मला बाजारात दिसायचा, मी गल्ली बदलायचो." मग म्हणाले, "फोटो पाठवतो. कधी काढला ते त्यात दिसतं. आणि लागलं तर मी तिथं येऊन सांगतो, अशा कारखान्यात काडी कोण घालतं ते."

त्या वेळी त्यांनी मला बाळा म्हटलं नाही. फोटो मात्र मी फोन खाली ठेवायच्या आत आला होता.

मी दुसरा जबाब लिहिला. साध्या कागदावर, पहिल्यापासून सगळं, माझी पाकळी आणि माझा रविवारसुद्धा. तो तपासणीच्या ऑफिसात देऊन बाहेर पडलो. तिसऱ्या दिवशी वाळूजजवळच्या रांजणगावातल्या माझ्या खोलीकडं वळताना दोघांनी मला रस्त्यात गाठलं. भर दुपार होती, समोर इस्त्रीवाला कपडे घडी करत होता. त्यांनी काही विचारलं नाही. एकानं मागून केस धरले आणि दुसऱ्यानं पाइपनं पोटात आणि बरगड्यांत मारलं. माझी एक बरगडी मोडली. जाताना एक जण म्हणाला, "कागद परत घे." इस्त्रीवाल्यानं मला उठवून पाणी दिलं आणि म्हणाला, "भाई, मैंने कुछ नहीं देखा." मी त्याला म्हणालो, चालेल.

कागद मी परत घेतला नाही. मी शूर होतो म्हणून नव्हे. त्या बाईचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, आणि पाइपपेक्षा ते जास्त लागत होतं.

याच दिवसांत मी तो पूर्ण फोटो गटातही टाकला. तीन ओळींचा नियम मोडून सगळं लिहिलं. ताईंनी तो तासाभरात काढून टाकला आणि मला खासगीत लिहिलं, 'दादा, मन सुन्न झालं. तुमच्या ऑपरेटरदादांसाठी आम्ही सगळे प्रार्थना करतो आहोत. पण इथं लोक दिवसभराचा शीण विसरायला येतात, समजून घ्या.' मी समजून घेतलं. त्या गटानं मला जे दिलं ते मी विसरणार नाही. कुणी तरी आपल्याशी मऊ बोलू शकतं, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं. फक्त त्या मऊपणासाठी मी जे जे कापून टाकत होतो, त्याची किंमत दुसऱ्या कुणी दिली, हेही तितकंच खरं.

तपासणीचे साहेब कारखान्यात आले तेव्हा मलाही बोलावलं. माझ्या बरगडीला पट्टा होता. त्यांनी माझे दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि ही?"

"तीही माझीच. पहिली हात पिरगाळून घेतली. दुसरी मी केली."

त्यांनी काकांनी पाठवलेला फोटो माझ्या फोनवर मोठा करून बघितला. सुपरवायझर हाताची घडी घालून मागं उभा होता, त्याची नजर सरळ बटणावर होती. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, हा हात त्याचाच कशावरून? इथं प्रत्येकाचा हात तेलानं काळा असतो. मी कुणाकडं बघतोय, कधी बघतोय, काय सांगता येतं?"

साहेबांनी ऑपरेटरला आत बोलावलं. तो बायकोबरोबर बाहेर थांबला होता. टेबलाजवळ येऊन त्यानं न सांगताच शर्टाची बाही वर सारली आणि पट्टी बांधलेला हात फोनशेजारी ठेवला. मनगटाच्या आतल्या बाजूला, पट्टी संपते तिथं, वेल्डिंगनं भाजल्याचा एक वाकडा डाग होता, चिंचेच्या आकड्यासारखा. फोटोतल्या मनगटावर, उन्हात, तोच होता. साहेबांनी दोन्ही पाहिले. आम्हीही पाहिले. फोटोत मनगटाच्या पुढं पाच बोटं होती.

ऑपरेटर फोटोकडं बघत राहिला. साहेबांनी फोन ओढून घ्यायला हात पुढं केला आणि मग तसाच मागं घेतला.

साहेबांनी लिहिलं की बटण काडीनं दाबून ठेवणं ही त्या कारखान्यातली नेहमीची पद्धत होती आणि ती सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर चालत होती. ऑपरेटरची चूक ही ओळ खोडली. मला ती खोडताना पेनचा आवाज ऐकू आला, कारण त्या दिवशी प्रेस बंद होत्या. पुढं ऑपरेटरला स्टोअरला घेतलं. मला गेटवरूनच परत पाठवलं.

तपासणी झाली त्या दिवशी ऑपरेटर, त्याची बायको आणि मी फाट्यावर त्यांच्या जीपची वाट बघत उभे होतो. मी त्याला सगळं सांगितलं. शुक्रवारी काकांनी सांगितलं होतं ते, आणि मी रविवारपर्यंत थांबलो ते.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सोमवारी तर आला होता."

"हो."

"मी मारलं तुला."

"हो, भाऊ."

"मग मंगळवारी का नाय आला?"

मी म्हणालो, "तुम्ही मारलं म्हणून."

"एका चापटीत गप बसला व्हय तू?" तो आता चिडला होता, त्याचा उजवा हात वर गेला होता, आणि मी सवयीनं मान खाली घातली. हात माझ्यावर आला नाही. "मंगळवारी आला असता तर मंगळवारी बी मारलं असतं. बुधवारी आला असता तर काढली असती म्या काडी. मी काय येडा हाय का?"

त्याची बायको रस्त्याकडं बघत होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

जीप आली. आत माणसं दाटीनं बसलेली होती, मागच्या फळीवर उभं राहायला तेवढी जागा होती. बायको आधी चढली. त्यानं डावा हात दांड्याकडं नेला, मग आठवण होऊन खाली घेतला, आणि उजव्या हातानं धरायला तो सगळा वळला. त्याला आधार द्यायला मी हात पुढं केला. त्यानं तो कोपरानं बाजूला सारला आणि एका हातावर स्वतःला वर ओढून घेतलं.